नांगराच्या खोडाचा वाक

नव्वद सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. आमच्या शेणवे गावाच्या बाजूला ट्रॅक्टर आला नव्हता. भाताची खाचरं बैलांनीच नांगरायची. आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, तिसरा दिवस होता आणि आमचा नवा नांगर मोडला.

नांगराचं खोड म्हणजे खालचा जाड भाग, ज्याला लोखंडी फाळ बसवतात. त्याला कोपरात दुमडलेल्या हातासारखा वाक असतो. नवऱ्याने ते उन्हाळ्यात मुरबाडच्या वखारीतून कापून आणलं होतं. जुन्या घराची सागाची तुळई होती, सरळ, जाड, खडखडीत वाळलेली. तिच्यातून मशीनवर वाक काढला. इतका गुळगुळीत झाला होता की नवरा गावभर दाखवून आला. नांगर नेमका त्या वाकावरच मोडला.

नवरा बैलांना शिव्या देत राहिला. मी तुकडे उचलले आणि बांधावर बसून बघत राहिले. सागाचे धागे लांब असतात, पण वाकाच्या जागी ते बोटभरच होते. गवताची पेंढी तिरकी कापावी तसे. असं का, ते मला कळेना, आणि न कळलेलं मला पचत नाही.

बसायला वेळ नव्हता. रोप लावणीला आलं होतं. आणखी आठवडाभर राहिलं तर ते जून होतं, मग लावून फुटवा धरत नाही. गावातले सगळे नांगर चिखलात होते. दिराकडे मागितला तर तो म्हणाला, "आमचं होऊ दे, मंग न्या." त्यांचं व्हायला दहा दिवस होते.

मी तुकडे डोक्यावर घेऊन सुताराकडे गेले. म्हातारा माणूस, सगळे त्याला बाबाच म्हणत.

"बाबा, सागाचा असून मोडला कसा?"

"कापलाय म्हणून."

"मंग तुमी काय करता? तुमी पन कापताच ना?"

"मी वाक कापत नाय गो बाय. वाकलेलं लाकूड शोधतो न त्याच्या आतला नांगर काढतो."

माझं तोंड बघून त्याने एक सरळ ओंडका उभा केला आणि कुऱ्हाड मारली. ओंडका वरपासून खालपर्यंत सरळ फाटला. "ह्याच्यातून मी वाक काढला, तर ह्याचे धागे माझ्यासाठी वळतील का?" मग एक वाकडं लाकूड घेतलं. ते फुटता फुटेना. फुटलं तेव्हा वाकाबरोबर वळत फुटलं.

दहा वर्षांची असल्यापासून मी सरपण फोडत होते. असली वाकडी लाकडं शिव्या देऊन बाजूला टाकायची. ती का फुटत नाहीत हे एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःचाच राग आला.

"असला वाक कुठं मिळंल?"

"जंगलात चार दिवस फिरावं लागंल."

चार दिवस माझ्याकडे नव्हते. पण आमच्या बांधावर ऐनाची झाडं होती. दरसाल उन्हाळ्याआधी आम्ही त्यांच्या फांद्या तोडतो, वाळवतो आणि रोपाच्या जागेवर जाळतो. त्याला राब म्हणतात. शेंडा तोडला की बाजूचा फुटवा आडवा निघतो, मग वर वळतो. असे कोपर आमच्या बांधावर कितीतरी होते. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "मी जंगल हिंडतो न तू घरात घेऊन बसलीस व्हय!"

बांधावर येऊन पहिल्या ऐनावर त्याने कुऱ्हाडीची पाठ ठोकली. दबका आवाज आला. जुन्या तोडीतून पाणी मुरून झाड आतून पोकळ झालं होतं. दुसरा खणखणीत वाजला, पण तो बांधावरचा सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त राब देणारा. नवरा आडवा आला.

"ह्याला हात लावायचा नाय. पुढल्या साली रोप कशावर करशील, माझ्या डोक्यावर?"

"तुमच्या डोक्यावर काय उगवतंय? ह्या सालची आवणी तर होऊ द्या."

"भांडून घ्या," म्हातारा म्हणाला, "तवर मी तंबाखू मळतो."

तंबाखू मळून होईपर्यंत नवरा झाडापासून बाजूला सरकला होता. झाड पडलं. आत किडीचं भोक नव्हतं.

म्हातारा वाकसाने, आडव्या पात्याच्या हत्याराने, तासायला बसला. चार घाव घालायचा, थांबायचा, अंगठा फिरवून रेघ कुठे वळते ते बघायचा. वाकाच्या आत एक ओबडधोबड उंचवटा राहिला होता. मी म्हटलं, "तेवढा काढा की."

"तो काढला की धागे तुटले. मंग वखारीच्यात न ह्याच्यात फरक काय?"

"न ओलं लाकूड तडकलं तर?"

"चिखलात कशाला तडकंल? आवणी झाली की शेणानं लिंपून सावलीत ठेव."

तिसऱ्या दिवशी सकाळी नांगर खाचरात उतरला. नवरा दिवसभर कुरकुरत होता की हा नांगर आहे की रेडा, उचलवत नाही. मी मागे लावणी करत होते आणि दर वळणावर मान वर करून वाकाकडे बघत होते. टिकला. पण मधले दिवस गेले ते गेलेच. शेवटच्या दोन खाचरांचं रोप गुडघ्याएवढं झालं होतं. शेंडे कापून लावलं. भात आलं, जरा हलकं आलं.

पुढच्या साली राब कमी पडला. नवरा आठ दिवस बोलत होता. मी पालापाचोळा गोळा करून रोपाची जागा भाजली आणि त्याला बोलू दिलं.