कॅम्पातली जुनी वाईन

डॉक्टरांनी ह्यांना घरी न्यायला सांगितलं, तेव्हा बाजारात द्राक्षं नुकती यायला लागली होती. पोटाचा आजार. करण्यासारखे उपचार संपले होते. "मागतील ते द्या," एवढंच डॉक्टर म्हणाले. पण हे काहीच मागत नव्हते. उद्यमबागच्या फाउंड्रीत उमेदीची सगळी वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस वडगावच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पेज भरवली तरी म्हणायचे, "माती लागतीया." ताक दिलं तरी तेच.

मग एका सकाळी आपणहून म्हणाले, "कॅम्पातली ती वाईन मिळंल का गं? गोड. जुनी."

फाउंड्रीतल्या एका ख्रिश्चन मित्राच्या घरी नाताळात ह्यांनी ती चाखली होती. मित्र आता परदेशात होता, पण त्याची आई कॅम्पातच राहत होती. आमच्या सासूबाई माळकरी. घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. ह्यांचं ऐकून त्या उठून मागच्या खोलीत, बंद पडलेल्या विणायच्या मागाजवळ जाऊन बसल्या. मी रिक्षा केली.

मित्राच्या आईने, आंटींनी, मला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जुनी संपली, बाय. नवी घालायला द्राक्षं आणलीत. पण ती मुरायला वर्षं लागतात."

मला महिन्याचीही खात्री नव्हती. तरी म्हटलं, "मी घालू लागते." हातावर हात ठेवून घरी बसणं मला जमत नव्हतं.

विजापूरकडची काळी द्राक्षं होती. धुऊन, पुसून गच्चीवर सुपांत पसरली. सुरकुत्या पडेपर्यंत उन्हं दिली, म्हणजे पाणी उडून गोडी दाट होते. मग हाताने चुरडली, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट घालून चिनी मातीच्या बरणीत भरली आणि तोंडाला फडकं बांधलं. रोज लाकडी पळीने ढवळायचं. कान लावला की आत बारीक सूं सूं आवाज यायचा.

ढवळून घरी आले की हे विचारायचे, "कुठवर आलंय?"

"आवाज करतीय अजून."

"करू दे. घाई करू नको."

दिवसभरात तेवढंच बोलायचे. ती बरणी आवाज करतीय तोवर हे राहतील, असं मी मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते.

एक दिवस आंटी म्हणाल्या, "आज गाळायची." आंबणं चालू असतानाच गाळून ब्रँडी घालायची, म्हणजे ते तिथंच थांबतं आणि उरलेल्या साखरेची गोडी राहते.

"अजून थोडे दिवस आवाज येऊ दे ना, आंटी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग गोडी सगळी जाईल, बाय."

आम्ही गाळली. त्यातली वाटीभर मी घरी आणली, चमचा ओठाशी नेला. ह्यांनी तोंड वाकडं केलं. "चरचरतंय. हे ते न्हवं."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, वाईनच्या दुकानात गेले आणि एक बाटली आणली. हे म्हणाले, खोकल्याचं औषध. मग मी पुन्हा आंटींच्या दारात. "कुणाकडे तरी असेल की! खानापुरात, गोव्यात, कुठं ते सांगा, मी जाते." त्यांनी माझा हात धरला आणि सोडून दिला.

तेवढ्यात ह्यांचं गिळणंच बंद झालं. पाणीही ओठांतून बाहेर यायचं. अशाच एका दुपारी आंटी रिक्षातून उतरल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली माझ्या हातात दिली.

"तुझ्याशी खोटं बोलले. मुलगा कायमचा परत आला की उघडायची म्हणून ठेवलेली."

"मग?"

"आता तो येत नाही म्हणतो."

बूच निघालं तसा मनुका, अंजीर, जळक्या साखरेचा वास खोलीभर पसरला. वर्षानुवर्षं अंधारात राहून तिचा लाल रंग गेला होता; काकवीसारखी दिसत होती. वाटी हातात घेऊन मी उभीच राहिले. गिळता येत नाही त्या माणसाला काय पाजू?

सासूबाई मागच्या खोलीतून आल्या. वाटी माझ्या हातातून घेतली, मुलाच्या उशाशी बसल्या आणि बोट बुडवून त्याच्या ओठांवरून फिरवलं. "घे रं. तुला पायजे हुती न्हवं?"

ह्यांची जीभ एकदा हलली. डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले.

बाराव्याची माणसं पांगल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "त्येला चव कळली असंल का गं?"

"व्हय," मी म्हटलं. कळली की नाही, मला माहीत नाही.