भाडेकरारातलं मधलं नाव

श्रावणातला मंगळवार, सकाळचे अकरा. गंगापूर रोड, घरमालकांचा हॉल. हजर: घरमालक काका, त्यांचा इटालियन भाडेकरू, करारनोंदणीसाठी अंगठ्याचं मशीन घेऊन आलेला एजंट आणि मी. गैरहजर: भाडेकरूचे वडील. ते इटलीत, दवाखान्यात.

हा भाडेकरू आमच्या सातपूरच्या कारखान्यातला इंजिनिअर. परदेशी माणसांचे व्हिसा, नोंदणी, मुदतवाढ ही सगळी कामं माझ्याकडे. त्याची मुदतवाढ अडकली होती. पासपोर्टवर नाव आणि आडनाव एवढंच. भाडेकरारात मात्र मध्ये वडिलांचं नाव. परदेशी नागरिकांच्या नोंदणी खात्याच्या पोर्टलवर शेरा पडला: नावं जुळत नाहीत. जुना व्हिसा संपलेला, पुढचा मिळेना. देश सोडायला त्याच खात्याची परवानगी हवी आणि त्या अर्जालाही हाच करार जोडायचा. तिकडे डॉक्टरांनी मुलाला बोलवा म्हणून सांगितलेलं, आणि मुलगा नाशकात कोंडलेला.

उपाय मी तयार करूनच नेला होता. मधलं नाव काढणारा दुरुस्तीचा लेख, दोघांचे अंगठे, काम संपलं.

"यात चूक काय आहे?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी त्याला विचारून लिहिलंय. बापाचंच नाव आहे ना?"

"आहे काका. पण पासपोर्टवर नाही."

"मग पासपोर्ट अपुरा आहे, ताई."

काका बँकेतून निवृत्त झालेले, पण घराणं पंचवटीतल्या उपाध्यायांचं. यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या त्यांचे भाऊ अजून सांभाळतात. त्या घरात बापाच्या नावाशिवाय माणूस लिहीतच नाहीत.

"काका, कागदावरचंच तर काढायचंय," एजंट म्हणाला. "माझ्या लग्नपत्रिकेत बापाचं नाव छापायचं राहिलं. म्हातारा अजून मला शिव्या घालतोय!"

"शिव्या घालतोय म्हणून तुला हसू येतंय. याचा बाप अंथरुणाला खिळलाय. आज मी त्याचं नाव काढू, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर?"

"आणि नाही काढलं, तर याला बापाचं तोंडही दिसणार नाही," मी म्हणाले. जरा जोरातच.

काका मशीनकडे बघत राहिले, हात मात्र मांडीवरच. चहावर साय धरली होती. एजंटला दुपारच्या आत नाशिकरोडला पोचायचं होतं. आम्हा चौघांपैकी कोणालाच उठता येत नव्हतं.

इंजिनिअरने मला विचारलं, काका काय म्हणाले? मी इंग्रजीत सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग काकांना विचारायला सांगितलं, "वडिलांनी स्वतः सांगितलं तर चालेल?"

काकांनी मान वर केली. "चालेल. त्यांचं नाव, त्यांचा शब्द."

त्याने फोन लावला. बहिणीने उचलला. त्याने मला, मी काकांना सांगितलं: वडील रात्रभर तळमळत होते, आत्ता कुठे डोळा लागलाय.

"झोपू दे," काका लगेच म्हणाले. "उठवायचं नाही."

एजंटने मशीनची वायर गुंडाळली. "संध्याकाळी येतो, ताई."

इंजिनिअरने फोन टीपॉयवर उताणा ठेवला. मी वहीत लिहिलं: दुरुस्तीचा लेख, काकांचा अंगठा बाकी.