मोठ्या आईचा बुढा

आमच्या मोठ्या आईनं आयुष्यात जेवढं धन वेचलं तेवढं अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कुणी वेचलं नसेल, आणि हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. नुसते हिरेच तिनं पायलीनं मोजावेत इतके गोळा केले. शिवाय सोन्याची नाणी, एका राजाचा मुकुट आणि चंद्रावरून आणलेला एक खडा. मशीनचं बटण बंद केलं की हे सगळं एका क्षणात नाहीसं व्हायचं, आणि ती शांतपणे उठून तुरीच्या डाळीला फोडणी द्यायला जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या हिऱ्यापासून सुरुवात. एवढ्या मोठ्या संपत्तीवर पाणी सोडून इतक्या निवांतपणे स्वयंपाक करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. त्यांचं घर पवनारला, वावर, म्हणजे शेत, धाम नदीच्या अलीकडे. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होतो, राहायला बोरगाव मेघेला, आणि दर रविवारी सायकल हाणत पवनारला जायचो. सांगताना सांगायचो की मोठ्या बाबांची विचारपूस करायला जातो. मोठ्या बाबांनी फवारणीच्या पंपाचा सुटा भाग आणायला म्हणून नागपूर गाठलं होतं आणि येताना ते व्हिडिओ गेम घेऊन आले होते. ताईनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, दहावीत असताना तो मागितला होता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तो घरी आला. मोठ्या बाबांच्या घरी सगळ्याच वस्तू अशा सावकाश पोचत. पंपाचा भाग मात्र ते विसरले, आणि त्या हंगामात फवारणी शेजाऱ्याच्या पंपानं झाली.

त्या मशीनसोबत एकच कॅसेट होती. रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं. त्यात टोपी, कोट घातलेलं एक गडगंज श्रीमंत म्हातारं बदक जगभर खजिने धुंडाळत फिरायचं. त्याच बदकाचा हा खेळ. ते हातातली काठी जमिनीवर टेकवून तिच्यावर टुणटुण उड्या मारायचं, विंचू-साप चुकवायचं, भिंती फोडायचं आणि हिरे गोळा करायचं. मोठी आई त्याला ‘बुढा’ म्हणायची. पहिल्या दिवशी दाराशी उभी राहून तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "एवढा धनवान मानूस, अन् पायजमा काऊन नाई घातला त्यानं?"

मोठे बाबा म्हणाले, "बदक हाय ते. बदकाले कायचा पायजमा?"

"मंग कोट कायले घातला?"

प्रश्न पडला की तो धसास लावल्याशिवाय मोठी आई सोडत नसे. उत्तर सापडतं का ते बघायला ती खाटेवर टेकली. त्या दिवशी आम्ही दुपारी तीनला जेवलो.

खेळण्याची तिची रीत जगावेगळी होती, आणि ती थेट वावरातून आली होती. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. दोन्ही हातांनी वेचायची, एकेक ओळ धरून पुढे सरकायची, आणि तिच्या मागून गेलेल्या माणसाला पराटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, पांढरं म्हणून काही दिसायचं नाही. बुढ्यालाही तिनं तसंच चालवलं. आम्ही पोरं धावत सुटायचो, पुढचा दरवाजा गाठायचा एवढंच आम्हाला ठाऊक. ती एकेक कोपरा झाडून घ्यायची. एखादा हिरा मागे राहिला असं वाटलं तर अख्खी गुहा ओलांडून परत जायची. वर घड्याळ चालू असायचं, वेळ संपत आलेली असायची, आम्ही ओरडायचो, आणि ती म्हणायची, "पुढं काय पळून राह्यलं? थ्या बोंडाले सोडून गेली तर डोळ्याले लागंल माह्या." कितीदा तरी वेळ संपून बुढा मेला, पण हिरा सोडून ती पुढे गेली नाही. गंमत म्हणजे तिच्या या चिकाटीमुळेच भिंतीआडच्या गुप्त खोल्या सापडल्या. आमच्यासारख्या धावणाऱ्यांना त्या जन्मात दिसल्या नसत्या. पहिल्या गुप्त खोलीत बुढा शिरला तेव्हा मला खरोखर या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

खेळातल्या जागांना तिनं आपली नावं दिली होती. जंगलातलं पाणी म्हणजे धामचा डोह. बर्फाचा उभा डोंगर म्हणजे गिरडची टेकडी. स्वयंपाकघरात भाकरी थापताना नुसत्या आवाजावरून तिला कळायचं की मी कुठे पोचलोय, आणि ती आतून सांगायची, "गिरडच्या टेकडीवर दुसऱ्या टप्प्याले थांबजो, वरून दगड येते." एकदा तिचे माहेरचे दूरचे पाहुणे ओसरीवर चहा पीत बसले होते, त्यांना दुसऱ्या दिवशी खरोखरच गिरडला दर्ग्यावर जायचं होतं. त्यांनी हे ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि जाणं पुढच्या महिन्यावर टाकलं. ही गोष्ट आम्हाला वर्षभरानं कळली. मोठ्या आईला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. "मंग काय झालं," ती म्हणाली, "दगड त येतेच ना."

तिच्या श्रद्धेमुळे मात्र बुढ्याचे फार हाल झाले. जंगलाच्या शेवटी एक दगडी मूर्ती होती. आपण जवळ गेलं की ती जिवंत होऊन अंगावर यायची, आणि तिला काठीनं हाणून पाडायचं असं त्या खेळाचं गणित. मूर्ती दिसली की मोठी आई हातातलं बटणांचं यंत्र खाली ठेवायची आणि दोन्ही हात जोडायची. तेवढ्यात मूर्ती यायची आणि बुढा चिरडला जायचा. "देव असो का राक्षस असो, पयले नमस्कार कराव, मंग भांडाव," असं तिचं म्हणणं. आठ-दहा वेळा बुढा असा नमस्कारात गेला तेव्हा ताईनं तोड काढली. ती आईला चिकटून बसली आणि यंत्राची डावी बाजू तिनं आपल्या हातात घेतली. म्हणजे बुढ्याला मागे-पुढे, वर-खाली न्यायचं ते ताईच्या डाव्या आंगठ्यानं, आणि उडी मारायची ती मोठ्या आईच्या उजव्या आंगठ्यानं. नमस्कार आता एका हाताचा झाला, छातीशी डावा हात नेऊन, आणि बुढा वाचला. एका बदकाला दोन बायका मिळून चालवतात हे ऐकून लोक हसायचे, पण पाहिल्यावर हसू थांबायचं. वेचणीत एका ओळीच्या दोन बाजूंनी दोघी जात तशाच त्या खेळत. बोलणं नाही, सांगणं नाही. ताईनं बुढ्याला कड्याच्या टोकाशी आणलं की त्याच क्षणी मोठ्या आईचा आंगठा पडायचा. इतकं एकमेकांना ओळखणारं माणसांचं जोडपं मी नवरा-बायकोतही कमी पाहिलंय.

या जोडीनं त्यांनी चंद्र गाठला, आणि तो नेमका संकष्टीच्या दिवशी. मोठ्या आईला निर्जळी उपास. आभाळ गच्च भरलेलं, चंद्र दिसायचं नाव नाही, आणि मोठे बाबा अंगणात छत्री घेऊन चंद्राची वाट पाहत उभे. आत बुढा चंद्राच्या जमिनीवर उड्या मारत हिंडत होता. मोठ्या आईनं थोडा विचार केला, यंत्र ताईच्या मांडीवर ठेवलं, टीव्हीसमोर दिवा ओवाळला, हळदकुंकू वाहिलं आणि ताट वाढून घेतलं. मोठे बाबा भिजून आत आले तोवर तिचा दुसरा मोदक चालू होता. ते म्हणाले, "चंद्र निघाला का व?" ती म्हणाली, "निघाची वाट कायले पाहाची? मी जाऊन आली." मोठे बाबा बिचारे हातपाय पुसून पानावर बसले. देवाला हे चाललं असावं, कारण त्या महिन्यातच ताईचं लग्न जमलं.

मुलगा चांगला होता, रायपूरला नोकरीत. बघायला आले, होकार आला, वैशाखातली तारीख धरली. घरात आनंदीआनंद. मोठी आई मात्र पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "खेळ सरला नाई अजून." मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. त्या मशीनमध्ये अर्ध्यावर थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत जावं लागे, आणि शेवट त्या दोघींनी अजून पाहिला नव्हता. लेक रायपूरला गेली की डावा आंगठा गेला. म्हणजे वैशाखाच्या आत खजिना हाती लागलाच पाहिजे. मोठी आई हट्टाला पेटली. कुरडया वाळत घातल्या की खेळ, पापड लाटून झाले की खेळ. पत्रिका वाटायला जायचं राहिलं म्हणून मोठे बाबा चिडायचे, आणि मग स्वतःच बसची वेळ बघून जायचे. एक सोय असावी म्हणून तिनं डाव्या बाजूला इतरांनाही बसवून पाहिलं. मोठ्या बाबांना झोप यायची. मला तिनं एका गुहेत काढून टाकलं. "तू बापा पराटीत म्हैस घुसल्यावानी चालून राह्यला," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. ताईसारखा आंगठा दुसरा कुणाचा नव्हता.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी, दारात मांडव पडत असताना, त्या दोघी शेवटाला पोचल्या. मी मागे उभा होतो. सगळे खजिने मिळवून झाले होते, शेवटचा राक्षस पडला होता. आता एकच काम उरलं होतं: वर पेटी दिसत होती, एका दोरावरून बुढ्यानं चढायचं, आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा वैरी, दुसरं एक बदक, त्याच पेटीकडे चढत होतं. जो आधी पोचेल त्याचा खजिना. बुढा पुढे होता. चांगला दोन हात पुढे होता. बाहेर मांडववाले बांबू ठोकत होते. दोर संपला, फक्त शेवटची उडी राहिली, आणि बुढा थांबला. मी ताईच्या हाताकडे पाहिलं. तिचा आंगठा बटणावरून उचललेला होता. वैरी शेजारून वर गेला आणि पेटी घेऊन पसार झाला.

ताई रडायला लागली. मोठ्या आईनं ते यंत्र हातात घेऊन दोनदा खाटेच्या पायावर आपटलं आणि म्हणाली, "बटन अटकलं. नागपूरचा माल असाच." मग तिनं पदरानं ताईचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दिवाळीले येजो, तवा पाहू." दोघी हळदीच्या तयारीला लागल्या. मी जे पाहिलं ते कुणाला बोललो नाही.

ताई दिवाळीला येत राहिली. आधी दर वर्षी, मग मुलं झाल्यावर एका वर्षाआड, मग जावयाची बदली आणखी लांब झाली तशी जमेल तेव्हा. आली की दोघी खेळायला बसायच्या, आणि काही ना काही कारणानं शेवटच्या दोरापर्यंत पोचायच्या नाहीत. कधी पाहुणे यायचे, कधी तेल तापलेलं असायचं. पुढे ते मशीन कुरकुरायला लागलं, टीव्हीही नवा आला. मी नोकरीला नागपूरला गेलो, कॉम्प्युटर घेतला, आणि एक दिवस त्यावर मला तोच खेळ सापडला. दोन रविवार घालवून मी तो शेवटपर्यंत नेला. पेटी घेतली. शेवट पाहिला. आणि पुढच्याच शनिवारी बसनं पवनार गाठलं, कारण हे सांगायला या जगात एकच माणूस होतं.

मोठी आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. डोळ्यांना जाड चष्मा, उजव्या हाताचा आंगठा सांधेदुखीनं वाकडा झालेला. मी म्हणालो, "मोठी आई, बुढ्याचा खेळ मी संपवला. शेवटी काय होतं सांगू?"

तिचा हात सुपातच थांबला. "सांगू नोको," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मी तिला त्या दुपारचं सांगून टाकलं, की बटण अडकलं नव्हतं, ताईनंच आंगठा उचलला होता.

"मले मालूम नाई का?" ती म्हणाली. "माह्या हाताले हात लागून होता तिचा. तिनं उचलला तवा उडी माह्याच हातात होती. मारली असती त बुढा पोचत होता. मीच नाई मारली." मग तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला आणि म्हणाली, "खजिना भेटला असता, मंग पोरीले घरी बलावाले मी काय सांगतलं असतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तिनं मला चहा दिला, येताना निवडलेली दोन किलो तूर पिशवीत घालून दिली. त्या वर्षी दिवाळीला ताई येणार की नाही हे अजून ठरलं नव्हतं. खेळाचा शेवट मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर तो एवढ्या खटपटीच्या मानानं काहीच नाही. पण त्या घरात तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही.