जेलरबाईची सुई

त्या दिवशी सकाळी सात वाजता तिनं माझ्या पोटात सुई टोचली, मी तोंड वाकडं केलं आणि अर्ध्या घंट्यानं आम्ही दोघांनी भात अन् लाखोरीची डाळ खाल्ली. आम्ही सोबत केलेलं शेवटचं काम ते. डाळीत मीठ कमी आहे, एवढंच मी बोललो.

माझी बायको गावची आशा सेविका. घरोघर फिरून बाळंतिणी पाहायची, लोकांची शुगर-बीपी तपासायची. पण गाव तिला जेलरबाई म्हणायचं, ते माझ्यामुळे. मला इन्सुलिन सकाळी सातला अन् संध्याकाळी सातला. बपेऱ्याला भाच्याच्या लग्नात मी पंगतीत बसलो होतो, पत्रावळीवर वरण पडलं होतं. ही आली आणि चारचौघांत माझा सदरा वर केला. मी चिडलो, "जेल हाये का वो हे?" ती म्हणाली, "हो, अन् मी जेलर. पोट काढा. अन् आता अर्धा घंटा पंगतीतून उठा." पंगत खो खो हसली. नाव तिथंच पडलं.

बारा वर्षं मी तिच्याशिवाय कुठं मुक्काम केला नाही. खुंट्याला बांधलेल्या बैलासारखं वाटायचं. ती पण त्याच खुंट्याला बांधलेली होती, हे मला सुचलं नाही. तिची आई कोंढ्याला वारली. ही मातीला गेली आणि संध्याकाळी सातच्या आत परत आली. डोळे सुजलेले होते. आधी हात धुतले, मग सुई भरली.

भंडाऱ्याला ट्रेनिंग असलं की ती लग्नाला निघाल्यासारखी निघायची. सातवी शिकलेली बाई, पण मोठ्या डॉक्टरांसमोर पहिल्या रांगेत बसायची. थायरॉईडचं ट्रेनिंग करून आली तर आठ दिवस गावातल्या बायांना "थुंकी गिळा" म्हणत गळे पाहत फिरली. शेजारच्या पारबताबाईची सून दिवसभर झोपायची. सासू शिव्या द्यायची. ही म्हणाली, "सून आळशी नाही वो मावशी, तिच्या गळ्यातली ग्रंथी आळशी हाये. रक्त तपासा." तपासलं, तेच निघालं. ती सून आता धानाच्या रोवणीच्या बायांत सगळ्यांच्या पुढे असते.

माझी शुगर मात्र उतरत नव्हती. डॉक्टर डोस वाढवत होते. एका ट्रेनिंगहून आल्या आल्या तिनं मला खाटेवर आडवं केलं आणि पोटावरून बोटं फिरवली.

"हे काय हाये जी? गुळाच्या खड्यावाणी."

"तिथंच टोचाले सांगतो मी तुले. दुखत नाही तिथं."

"दुखत नाही अन् औषध बी मुरत नाही तिथं! सर सांगून राहिले होते, एकाच जागी टोचलं का गाठ येते."

तेव्हापासून जागा बदलली. पण तिसऱ्या दिवशी मी शेताच्या धुऱ्यावरच घामाघूम होऊन बसलो, हातपाय लटलट कापायला लागले. तिनं धावत येऊन साखरेचं पाणी पाजलं. मग कपाळावर हात मारून रडली. नव्या जागी औषध पूर्ण लागतं, म्हणून डॉक्टरला विचारून डोस कमी करायचा असतो. हेही तिथं सांगितलं होतं. घरी यायच्या घाईत हिनं अर्धंच ऐकलं होतं. "मीच मारत होती तुमाले," म्हणाली. पुढच्या ट्रेनिंगपासून शेवटचा माणूस उठेपर्यंत ती उठली नाही.

मला सुई शिकवायला तिनं फार डोकं लावलं. एकदा वांगं आणून हातात दिलं, "याले टोचून पाहा." मी म्हणालो, "वांग्याले शुगर झाली का?" ती हसली नाही. "शिकून घ्या जी. मी का जन्मभर पुरणार हाये?" मी वांगं फेकलं. "तू हायेस ना," म्हणालो. बस, एवढंच माझं शिक्षण.

त्या दिवशी भात खाऊन ती मीटिंगला गेली आणि तिथंच खुर्चीवरून खाली पडली. तिला ना शुगर, ना थायरॉईड. हृदय बंद पडलं. उजेड होता तोवर माती झाली. सात वाजले, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी पण बोललो नाही. नागपूरचा पोरगा म्हणाला, "बाबा, माझ्याकडे चला, तिथं नर्स लावतो." मनात म्हटलं, आता सुईच नको. सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घसा कोरडा पडला होता, डोळ्यांसमोर अंधुक दिसत होतं. शुगर चढली होती. पोरगा राखेच्या तयारीला बाहेर गेला होता. मी माठात गार ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढली. सुईवरच्या रेघा दिसेनात, म्हणून उजेडात दारात गेलो. नेहमीच्या आकड्यापर्यंत भरली. गाठ चाचपली, ती सोडून चार बोटं बाजूला टोचली. दुखलं.

मग ध्यानात आलं, घरात चूल पेटलेली नाही. मयत झालेल्या घरात पेटत नसते. सोयरे डबे आणतील ते बारा वाजता. आणि सुई घेतली की अर्ध्या घंट्यात खावंच लागतं, नाहीतर माणूस तिच्या मागोमाग जातो.

मी सुतकातला माणूस, कालच बायको जाळलेला. तसाच उठलो, पारबताबाईच्या फाटकाबाहेर उभा राहिलो आणि आवाज दिला, "बाई, शिळा असंल तरी चालंल. मले भात दे."