साठ अंशाचा टॅन

परवा सकाळी माझी मुलगी रेवा त्रिकोणमितीचं एक गणित घेऊन गॅलरीत बाबांजवळ जाऊन बसली. बाबांनी उभी हयात शाळेत गणित शिकवलं. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. रेवालाही ते शाळेतलीच कुणी विद्यार्थिनी समजतात.

मनोऱ्याची उंची काढायची होती. बाबांनी पेन्सिल घेतली आणि त्यांचा थरथरणारा हात एकदम स्थिरावला. त्यांनी झरझर त्रिकोण काढला, काटकोनाच्या कोपऱ्यातली छोटी चौकटसुद्धा विसरले नाहीत.

“साठ अंशाचा टॅन किती?”

“वर्गमूळ तीन, आजोबा.”

“शाब्बास!”

मी दारात उभी राहून बघत होते. मनातून काय पुसलं जावं आणि काय उरावं, हे कोण ठरवत असेल? जिवाच्या अगदी जवळचं असतं तेच शेवटी उरतं, असं मी आजवर समजत होते. मग आम्ही त्यांच्यापासून किती लांब होतो?

तेवढ्यात बाबा रेवाला म्हणाले, “माझ्या मुलीला हे जमायचंच नाही. रडायला लागायची. मग मी तिला शेजारी बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. फार गुणी पोर. हल्ली भेटायलाच येत नाही.”

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“येईल हो, सर.”

“बाई, तुम्हाला भेटली तर सांगा तिला. मी वाट बघतोय म्हणावं.”

“सांगते,” मी म्हटलं. बाबा पुढचं गणित वाचू लागले.