काकांच्या नावाचा मेसेज

माझी पहिली नोकरी जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत होती. आमची वेबसाइट लोकांना वाढदिवसांची आठवण करून द्यायची. आपल्या माणसांच्या तारखा भरून ठेवायच्या. दिवस जवळ आला की मोबाइलवर मेसेज, आणि त्याच्याखाली केक नाहीतर फुलं मागवायची सोय. "ग्राहकाच्या आधी आपल्याला आठवलं पाहिजे," असं आमचे साहेब रोज हिंदीतून सांगत. मला ते पटायचंसुद्धा.

सुरुवातीला तारखाच कमी होत्या. साहेबांनी प्रत्येकाला ओळखीतली नावं आणायला सांगितली. आदर्श नगरात आमचं महाराष्ट्र मंडळ होतं. हळदीकुंकवाला, गणपतीला बोलावणी करायला सोपं म्हणून मंडळाच्या वहीत प्रत्येक घराचा पत्ता, फोन, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस लिहिलेला असे. त्या वर्षी वही आईकडे होती. दोन रविवार बसून मी ती सगळी कॉम्प्युटरवर चढवली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच डोक्यात आलं नाही.

मागच्या गल्लीत एक काकू राहायच्या, मूळच्या साताऱ्याच्या. काका बँकेतून जयपूरलाच निवृत्त झाले होते. संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांत ते अचानक गेले. मे महिन्यात एके सकाळी मी ऑफिसला निघत होते, तर काकू मोबाइल घेऊन दारात.

"बघ गं, इंग्रजीत काय आलंय. ह्यांचं नाव दिसतंय म्हणून आले."

मी वाचलं. तुमच्या लग्नाचा वाढदिवस चार दिवसांवर आलाय, आणि पुढे काकांचं पूर्ण नाव घालून, त्यांना यंदा काय देणार, असा प्रश्न. मला पुरतं वाचूनही दाखवता येईना.

"जाहिरात आहे काकू, सोडा."

"जाहिरातवाल्यांना तारीख कशी ठाऊक?"

मग सांगावंच लागलं. त्यांनी मोबाइल परत घेतला. "तारीख मी तुझ्या आईला सांगितली होती," एवढंच म्हणाल्या आणि चहाही न घेता गेल्या.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी प्रोग्रॅमर बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, नाव खोडायची सोयच ठेवलेली नाही, साहेबांना विचार. साहेबांकडे पुढच्याच आठवड्यात पैसे गुंतवणारे लोक यायचे होते.

"एक भी नाम कम नहीं होगा," ते म्हणाले.

"सर, वो गुज़र गए हैं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, कळलं. तर म्हणाले, "आंटी का जन्मदिन तो है ना? रिश्ता बना रहेगा."

मी बाहेर येऊन पाणी प्यायले. ते वाईट मनाने बोलले नव्हते, याचाच मला जास्त संताप आला. मेसेज बंद करायला एक शब्द पाठवायचा असतो, तो मी संध्याकाळी काकूंच्या मोबाइलवरून पाठवला. लगेच उत्तर आलं: जाण्यापूर्वी आमचे नवे गुलदस्ते पाहा. दोन दिवसांनी पुन्हा आठवण आली. लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आणखी एक, अजून वेळ गेलेली नाही म्हणून.

शेवटी माझ्या लक्षात आलं, नाव खोडता येत नसलं तरी फोन नंबर बदलता येतो. त्याच दुपारी काकूंच्या नंबराच्या जागी मी माझा नंबर टाकला. मग मंडळातल्या सगळ्याच घरांचे नंबर एकेक करून बदलले. ऑफिस सुटेपर्यंत तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. त्यांनी आत घेतलं, पोहे दिले. मी माफी मागितली.

"पोरीच्या जातीवर काय रागवायचं," त्या म्हणाल्या. "पण तू तिथंच कामाला, आणि तुलाच ते थांबवता येईना. हे काय मला समजलं नाही बाई."

मी पोह्यांची बशी विसळून ठेवली.

त्यानंतर महिनोन्महिने माझा मोबाइल लोकांच्या वाढदिवसांनी वाजत राहिला. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी मोठ्या कौतुकाने पडद्यावर एक नंबर दाखवला. एवढा गोतावळा असलेला दुसरा ग्राहक आपल्याकडे नाही, याला खास सवलती पाठवा, म्हणाले.

"सर, वो मेरा नंबर है," मी म्हणाले, आणि का बदलला तेही सगळ्यांसमोर सांगितलं.

साहेबांनी पुढचं पान दाखवायला घेतलं. दिवाळीच्या आधी मी नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण लिहायला गेले, तर अर्धं पान भरलं; ते फाडून "घरगुती कारणास्तव" असं लिहून दिलं. त्याची चिडचीड मला अजून होते.