कशाच्या बराबर?

केशरबाईंना कुणी गायिका म्हटलं की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. जन्म गेला अकोल्याच्या जिनिंगमध्ये, कापसात. गाणं भीमजयंतीचं. एप्रिल लागला की गावोगावचे मंडळवाले दाराशी येत, आणि केशरबाई धुवट लुगडं नेसून ट्रॅक्टरवर चढत. डाव्या हाताला नवरा, डोमाजी. त्यांच्या हातात खंजिरी.

त्या खंजिरीची एक पितळी चकती सैल होती. थाप पडली की बाकीच्या चकत्या एकदम वाजत आणि ही एकटी मागून, केसभर उशिरा, छन्न करी.

"आवळून घ्या न थे. लोक हासतात," केशरबाई म्हणत.

"हासू दे. मी कोन्त्या बाजूले बसलो थे तुले समजते न?"

डोमाजी गेले. मागे एक कॅसेट राहिली. दोघांचं गाणं, मंडळाच्या पोरांनी कधीतरी हौसेने भरलेलं.

मग अमरावतीत एका कंपनीचं ऑफिस निघालं. इकडची जुनी गाणी ते मोबाइलवर आणणार होते. नितेश नावाचा मुलगा येऊन कॅसेट घेऊन गेला. मुलगा इथलाच, पुण्याला शिकून आलेला. गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरलं आणि कॅसेटची फीत मशीनमध्ये गुंतून तुटली. "जुनी होती मावशी. पण चिंता नको, गाणं सुखरूप आहे," नितेश म्हणाला.

कॉम्प्युटरमधली फाइल मोठी होती. कंपनीला लहान हवी होती. दाबून लहान केली की आवाजातलं बारीकसारीक काही बिघडतं. तो बिघाड लोकांना ऐकू येतो का, हे तपासायचं ठरलं. येत नसेल, तर मोठी फाइल ठेवायची कशाला? ज्यांची गाणी, त्यांनाच बोलावलं. केशरबाई नातीला, पिंकीला, घेऊन बसने अमरावतीला गेल्या.

हेडफोनवर एक तुकडा ऐकायचा, मग दुसरा. पुण्याहून आलेल्या कागदावर प्रश्न होता : दोन्ही आवाज एकसारखे आहेत का? नितेशला वाटलं, आपल्या लोकांना आपल्या शब्दांत विचारावं. त्याने विचारलं, "दोन्ही बराबर हायेत का?"

वऱ्हाडात बराबर म्हणजे काय, हे नितेशला कुणी शिकवायला हवं होतं? भाजीत मीठ बेताचं पडलं, बराबर. पाहुणा सुखाने घरी पोचला, बराबर. चपलेचा अंगठा शिवून आला, बराबर. सारखं या अर्थानेही म्हणतात लोक. पण खुर्ची दिली, चहा दिला, आणि विचारलं की बराबर हाये का, तर माणूस काय उत्तर देईल?

केशरबाईंनी पहिला तुकडा ऐकला. छन्न आलं. दुसरा ऐकला. चकत्या एकमेकींत विरघळलेल्या, पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या. मागचं छन्न नाही.

"बराबर हाये बाप्पा," त्या म्हणाल्या. "गानं माहंच हाये. पन थ्या दुसऱ्यात..."

"मावशी, हो का नाही, एवढंच सांगा."

"बराबर त हाये. पन थे चकती..."

"झालं मावशी. बराबर." त्याने बटण दाबलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

त्या दिवशी बहुतेकांनी बराबरच म्हटलं. अहवाल गेला : इथल्या श्रोत्यांना फरक ऐकू येत नाही.

ऐकू येत नाही! जिने जन्मभर त्या एका चकतीवर सम पकडली, तिला.

गाणं मोबाइलवर आलं. पिंकीने लावलं. केशरबाईंनी मोबाइल एका कानाला लावला, मग दुसऱ्याला.

"पिंकी, तुहा आबा कुठी हाये याच्यात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिळ्यावरची खंजिरी काढली, पिशवीत घातली आणि पिंकीसोबत बस धरली. मूर्तिजापूर मागे पडलं, बडनेरा गेलं.

"जय भीम मावशी! या, या. गाणं जोरात चाललंय," नितेश उठून म्हणाला.

"मोठ्ठं वालं गानं कुठी हाये?"

"मोठी फाइल? ती पुसली. सगळ्यांच्याच पुसल्या. तुम्हीच म्हणालात ना, बराबर आहे."

"बराबर म्हनलं म्हंजे यकच हाये म्हनलं काय रे? मी सांगून राहिली होती तुले. तू आयकलं काहून नाई?"

"मावशी, चाचणीचा नियम असतो."

"माहे कान तपासून राहिला होता न तू? मंग तुहे कोनाच्या घरी ठेवून आल्ता?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. केशरबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. पिशवीतून खंजिरी काढली आणि थाप मारली. छन्न.

"हे आयकू आलं?"

"आलं."

पिंकीने मोबाइल टेबलावर ठेवून गाणं लावलं. नितेशने ते ऐकलं. मग स्वतःच बोट लावून पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. पुण्याची भाषाही उतरली.

"तुमचं बराबर हाये, मावशी."

"कशाच्या बराबर?" केशरबाईंनी विचारलं. आणि खंजिरी मांडीवर घेऊन, उत्तर येईपर्यंत उठायचं नाही अशा बेताने, त्या त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या.